परतीची हवा



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला काय झालं बुवा? विषय आहे टेक्निकल स्कूबा डायव्हिंग. म्हणजे पाठीवर दोन-दोन सिलिंडर बांधून खोल समुद्रात किंवा पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये शिरणारे लोक. आणि मी बोलतोय कुठून? तर अंकुशनगरहून. तालुका अंबड, जिल्हा जालना. साखर कारखाना, त्याच्याभोवतीची वसाहत, चहूकडं ऊस, आणि हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा वास. समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास करावा लागतो.

तरीही हा विषय माझ्या घरातला आहे. कसा, ते सांगतो.

कंदील विझला नव्हता

आमच्या शेतातली विहीर सात परस खोल. परस हे आमच्याकडचं विहिरीचं माप, माणसाच्या उंचीवरून आलेलं. सात परस म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास. गोष्ट माझ्या जन्माआधीची, १९८०च्या दशकातल्या एका उन्हाळ्यातली. पाणी तळाला गेलेलं. शेतात लाईट आलेली नव्हती. पेट्रोलवर सुरू करायचं आणि रॉकेलवर चालवायचं असं एक इंजिन होतं. ते दोरांनी खाली सोडून विहिरीतल्या टप्प्यावर बसवलं होतं. दुपारी ते बंद पडलं.

आजोबांची एक शिस्त होती. विहिरीत माणूस उतरायच्या आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर खालचं वारं खराब आहे, उतरायचं नाही. त्या दिवशीही त्यांनी कंदील सोडला. तो नीट जळत राहिला. मग माझे थोरले चुलते उतरले. इंजिनापाशी बसले आणि बसल्या जागी कलंडले. त्यांना काढायला शेजारच्या शेतातला एक जण उतरला, तोही वर आला नाही. तिसरा उतरायला निघाला होता. त्याला आजीनं कमरेला मिठी मारून धरून ठेवलं. तो तिसरा म्हणजे माझे वडील.

पुढं कितीतरी वर्षं घरात एवढंच म्हटलं जायचं की, आसरांनी ओढून नेलं. विहिरीत साती आसरा असतात, त्यांना माणूस लागतो, वगैरे. आजोबा त्यावर काही बोलायचे नाहीत. फक्त मधूनच म्हणायचे, "कंदील तर विझला नव्हता."

त्यांच्या या वाक्याचं उत्तर मला खूप उशिरा मिळालं, आणि तेही पाण्याखाली श्वास घेणाऱ्या लोकांच्या इतिहासात. आजचा भाग त्या उत्तराबद्दल आहे.

दहा मीटरचा आकडा

पहिला प्रश्न. इंजिन विहिरीत उतरवलंच कशाला? काठावर ठेवलं असतं तर?

नसतं चाललं. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. खरं तर पंप फक्त पाईपमधली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब साधारण १० मीटर उंचीचं पाणी पेलतो, त्याच्या वर एक वीतही नाही. इटलीच्या तोरिचेल्लीनं १६४०च्या दशकात हे कोडं सोडवलं. प्रत्यक्षात गळती-घर्षण धरून सात-आठ मीटरच हाती लागतात. म्हणून पाणी खाली गेलं की त्याच्या मागोमाग इंजिन खाली न्यावं लागायचं. आणि इंजिनाच्या मागोमाग त्याचा धूरही विहिरीत जायचा.

आता हाच आकडा उलटा करून बघा. १० मीटर पाण्याचं वजन म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेएवढा दाब. म्हणजे पाण्यात १० मीटर खाली गेलात की दाब दुप्पट. २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिलिंडरला लावायचा एक झडपेचा यंत्रभाग बनवला, त्याला आज आपण रेग्युलेटर म्हणतो. तो बाहेर जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तोंडात देतो. म्हणून छाती चेपत नाही, श्वास घेता येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. ३० मीटरवरच्या एका श्वासात वरच्या चार श्वासांची हवा खर्च होते.

हिशेब करू. १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार दाबानं भरलेला. म्हणजे २,४०० लिटर हवा. शांत पोहणारा माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. वरती ही हवा दोन तास पुरेल. ३० मीटरवर फक्त अर्धा तास. घाबरलात, धाप लागली, तर त्याच्याही निम्म्यात संपेल. आणि या अर्ध्या तासात खाली राहणंही आलं नि वर येणंही आलं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. दाबानं नुसती हवा जास्त खर्च होत नाही, त्या हवेत जे काही मिसळलेलं असेल त्याचा असरही तेवढ्याच पटीनं वाढतो.

बाप, लेक आणि शेळ्या

आता माणसं भेटवतो. जॉन स्कॉट हाल्डेन, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की हा माणूस तिथं जायचा. सगळे म्हणायचे, कामगार स्फोटानं मेले. हाल्डेननं मृतदेह तपासले, रक्त तपासलं, आणि १८९६ साली अहवाल दिला की बहुतेक जण स्फोटानं मेलेच नाहीत. नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडनं मेले. हा वायू तो स्वतःवरही घेऊन बघायचा, म्हणजे वहीत नोंदी ठेवत ठेवत.

कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटीहून घट्ट धरतं. हवेत हजारात दोन-तीन भाग असला तरी थोड्या वेळात माणूस जातो. आणि दिव्याचं काय? दिव्याला फक्त ऑक्सिजनशी देणंघेणं. हवेत ऑक्सिजन नेहमी २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला तरच ज्योत विझते. कार्बन मोनॉक्साईड हजारात तीन भाग असला, तर ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मिळालं उत्तर? आजोबांचा कंदील खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं. ऑक्सिजन आहे का? आहे. इंजिनाच्या धुराबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. म्हणूनच हाल्डेननं खाणीत छोटे पक्षी, उंदीर न्यायला सांगितलं. माणसाच्या आधी ते कोलमडतात.

याच हाल्डेननं १९०८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर पाणबुड्यांसाठी तक्ते छापले. खोलवर दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो. झपकन वर आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे येतात. सांधे आखडतात, लकवा होतो, जीवही जातो. किती हळू, कुठं थांबत वर यायचं, हे त्यानं शोधलं. कुणावर प्रयोग करून? शेळ्यांवर! दाबाच्या टाकीत शेळ्या ठेवायच्या, दाब कमी करायचा, आणि कुठली शेळी पाय उचलून धरते ते बघायचं. आजही डायव्हर मनगटावर जो कॉम्प्युटर बांधतो, त्यातलं बरंचसं गणित त्या शेळ्यांपासून निघालेलं आहे.

हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. लहान असताना बापानं त्याला खाणीत नेलं, छताजवळ मिथेन साठलेल्या जागी उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्या ओळी झाल्या आणि पोरगं धापा टाकत खाली बसलं. खाली हवा चांगली होती, त्यामुळं लगेच सावरलं. मिथेन हलका, तो वर साठतो, हा धडा जन्माचा झाला. १९३९ साली थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली, ९९ माणसं गेली. त्यानंतर या मुलानं स्वतःला दाबाच्या टाकीत कोंडून घेऊन प्रयोग केले. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली घेतला की झटके येतात, हे पॉल बेर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ सालीच लिहून ठेवलं होतं. धाकट्या हाल्डेननं ते अंगावर अनुभवलं. हाच माणूस १९५७ साली भारतात राहायला आला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

म्हणजे बघा, ऑक्सिजनसुद्धा विष होतो. शुद्ध ऑक्सिजनची मर्यादा आज फक्त ६ मीटर मानतात. आपल्या अर्ध्या विहिरीएवढी. त्याच्या खाली गेलात तर झटका येऊ शकतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातलं रेग्युलेटर सुटणं.

सिलिंडरवर लिहिलेला आकडा

टेक्निकल डायव्हर एकाच वेळी तीन-चार वेगवेगळे वायू बरोबर नेतो. साध्या हवेतला नायट्रोजन ३० मीटरच्या पुढं दारू प्यायल्यासारखा चढतो, म्हणून खोलवर हेलियम मिसळलेला वायू. वर येताना नायट्रोजन लवकर निघावा म्हणून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण. शेवटच्या ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. आता सांगा, चाळीस मीटरवर चुकून ऑक्सिजनचा सिलिंडर तोंडाला लावला तर? चूक एकच, आणि ती सुधारायला वेळ नाही.

म्हणून इथं शिस्त आली. प्रत्येक सिलिंडर ज्याचा त्यानं स्वतः मीटर लावून तपासायचा. दुकानदारानं सांगितलं, मित्रानं सांगितलं, चालत नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी इंजिनाचा धूर आला तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साईड भरला जातो आणि ३० मीटरवर त्याचा असर चौपट होतो. पुन्हा आमच्या विहिरीचीच गोष्ट! तपासलं की सिलिंडरवर मोठ्या अक्षरात आकडा चिकटवायचा, हा वायू किती मीटरपर्यंत चालेल त्याचा. खाली वायू बदलताना आपली खोली बघायची, तो आकडा बघायचा, नळी हातानं चाचपत सिलिंडरपासून तोंडापर्यंत आणायची, जोडीदाराला दाखवायची, आणि मगच श्वास घ्यायचा. पाचशेव्या वेळेसही तसंच.

मेलेल्यांचा हिशेब

आता माझा आवडता माणूस. शेक एक्सली. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा, शाळेत गणित शिकवायचा. फ्लोरिडात जमिनीखाली पाण्यानं भरलेल्या मैलोन् मैल गुहा आहेत, आणि १९६०-७०च्या दशकांत तिथं पोरं धडाधड मरत होती. लोक काय म्हणायचे? गुहाच वाईट आहे. पोरं माजोरी होती. नशीब.

एक्सलीनं वेगळं केलं. प्रत्येक मृत्यूची माहिती गोळा केली आणि गणिताच्या मास्तरासारखा विचार केला की, यात सारखं काय आहे? १९७९ साली त्यानं ते छोट्याशा पुस्तकात मांडलं. बहुतेकांच्या बाबतीत तीनपैकी एक तरी गोष्ट चुकलेली होती. बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड दोरी लावलेली नव्हती. परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखलेली नव्हती. किंवा साध्या हवेवर फार खोल गेले होते.

त्यातला हवेचा नियम नीट ऐका. सिलिंडरमध्ये २१० बार आहेत. जाताना फक्त ७० वापरायचे. काटा १४० वर आला की समोर सोन्याची खाण दिसली तरी मागं फिरायचं. परतीला ७० लागतील. मग उरलेले ७० कशाला? ते तुमचे नाहीतच. ते जोडीदाराचे. गुहेच्या अगदी टोकाला त्याची हवा गेली, तर तुमच्या १४० मध्ये दोघांनी बाहेर यायचं, ७० तुमचे, ७० त्याचे. हिशेब बरोब्बर जुळतो, आणि त्यात घाबरण्याला जागाच नाही. म्हणून आज बरेच जण याहूनही जास्त राखतात.

पण हवा आहे म्हणून ती जोडीदाराच्या तोंडापर्यंत पोचेल असं नाही. म्हणून सामानाची मांडणी बदलली. बिल मेन नावाच्या फ्लोरिडाच्याच डायव्हरनं अंगावरचं एकेक सामान कमी करत नेलं. जे लागत नाही ते न्यायचं नाही, जे न्यायचं ते लोंबकळलं नाही पाहिजे. पाठीवर दोन सिलिंडर, मध्ये जोडणारी नळी आणि ती बंद करायची चावी, म्हणजे एका बाजूनं गळती झाली तर निम्मी हवा तरी वाचते. दोन रेग्युलेटर. त्यातलं एक सुमारे दोन मीटर लांब नळीचं, आणि तेच आपण तोंडात धरायचं. दुसरं हनुवटीखाली गळ्यात रबरानं अडकवायचं.

लांब नळीचं तोंडात का? कारण हवा संपलेला माणूस शोधाशोध करत नाही. तो समोरच्याच्या तोंडातलं हिसकावतो. मग जे हिसकावलं जाणार तेच द्यायच्या तयारीत ठेवायचं. ते चालू आहे याची खात्रीही आहे, कारण आत्ता त्यातूनच तर आपण श्वास घेत होतो. नळी लांब, कारण अरुंद वाटेत दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत, एकामागं एकच जाता येतं. किती साधा विचार! माणूस घाबरल्यावर जसा वागतो तसा वागणार हे गृहीत धरून सामान बांधलं.

एक्सली स्वतः एप्रिल १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या खोल विवरात विक्रमी खोली गाठताना गेला. नियम लिहिणाऱ्यालाही पाणी सोडत नाही. पण फ्लोरिडातल्या गुहांच्या तोंडाशी आज पाण्याखाली पाट्या आहेत, त्यावर यमदूताचं चित्र आहे, आणि प्रशिक्षण नसेल तर इथूनच मागं फिरा असं लिहिलेलं आहे. ती पाटी बघून मागं फिरलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही, कारण ते घरी गेले.

थायलंडची गुहा, किर्लोस्करवाडीचे पंप

२३ जून २०१८. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. पावसाचं पाणी आत शिरलं. २ जुलैला दोन ब्रिटिश गुहा-डायव्हर त्यांच्यापर्यंत पोचले. मुलं जिवंत होती, पण बाहेरची वाट पाण्याखाली.

पाणी उपसणं हे तिथलं पहिलं काम होतं. भारतीय दूतावासामार्फत किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअर मदतीला गेले. प्रसाद कुलकर्णी आणि श्याम शुक्ल ही नावं तेव्हा पेपरांत आली होती. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत पंपही पाठवायला तयार ठेवले होते. १९१० साली वसलेल्या त्या गावातली पंपाची विद्या गुहेच्या तोंडाशी उभी होती.

आत काय चाललं होतं? मुलं बसली होती तिथल्या हवेत ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आला होता. कंदील असता तर विझला असता. डायव्हर वाटेवर सिलिंडर पेरत होते. ६ जुलैला समन कुनान हा थायलंडच्या नौदलाचा माजी कमांडो असेच सिलिंडर ठेवून परत येत होता. परतीच्या वाटेवर पाण्याखाली त्याची शुद्ध हरपली. दुसऱ्यांच्या श्वासाची सोय करून येताना तो गेला.

पुढं ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे १३ जण बाहेर आले. मुलांना भूल दिलेली होती. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे फट पडली तरी पाणी आत न येता हवाच बाहेर जाईल. घाबरलेलं माणूस काय करतं, हा विचार इथंही आधी केलेला होता.

पुन्हा विहिरीकडं

आता मी माझ्या घरच्या गोष्टीकडं येतो. आजोबा बेशिस्त नव्हते. त्यांच्याकडं शिस्त होती, पण ती जुन्या विहिरीची होती. विहिरीत इंजिन आलं, धोका बदलला, आणि शिस्त तीच राहिली. आसरांचं नाव घेतल्यावर कुणी पुढं विचारलंच नाही. कुणी एक्सलीसारखं वहीत लिहिलं असतं की, इंजिन आत होतं, कंदील जळत होता, दोन माणसं गेली, तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात कुणीतरी थांबलं असतं.

आज इंजिनं गेली, मोटारी आल्या. पण विहिरीत जिलेटिनचा बार उडवल्यावरचा धूर आहे, गाळ काढणं आहे, सेप्टिक टँक आहे, गोबर गॅसची टाकी आहे. २०१३च्या कायद्यानं गटारात, टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, तरी उतरवतात. म्हणून माझे नियम ऐका, डायव्हरांकडून उसने घेतलेले.

एक. जी हवा तपासली नाही ती घ्यायची नाही. वायू मोजायचं मीटर नसेल तर आधी बराच वेळ पंख्यानं, ब्लोअरनं हवा खेळवा. तरीही कंदील जळतोय एवढ्यावर उतरू नका.

दोन. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधलेला असावा, आणि काठावर त्याला ओढून काढू शकतील एवढी माणसं. तीच आपली अखंड दोरी.

तीन. एक जण कोसळला तर दुसऱ्यानं उडी घ्यायची नाही. दोर ओढा, हवा सोडा, ११२ ला फोन करा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. खाली आपलं माणूस असतं.

आणि तारकर्ली-मालवणला स्कूबाला जाणार असाल तर जरूर जा. तिथं प्रशिक्षक तुमच्याबरोबर असतो, खोली कमी असते. फक्त श्वास रोखून वर येऊ नका, आणि काटा कुठं आहे ते विचारा. विचारायला लाजू नका.

वडिलांना मी हे सगळं मागच्या वर्षी सांगितलं. कार्बन मोनॉक्साईड, हाल्डेन, शेळ्या, सगळं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आबांची चूक नव्हती." मी म्हटलं, "नव्हती." थोड्या वेळानं म्हणाले, "आईनं धरलं नसतं तर मी उतरलोच होतो."

आजीनं हाल्डेनचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. पण शेवटची हवा कुणासाठी राखायची, ते तिला कळलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपून राहा.